उपरण्याखालचा भाव

मला भाव करता येत नाही. दुकानदार सांगेल ती किंमत मी मुकाट्याने देते आणि घरी येऊन "लुटलं तुला" हे वाक्य ऐकून घेते. माझ्या सासऱ्यांचं नेमकं उलट. भाव केल्याशिवाय विकत घेतलेली वस्तू त्यांना चोरीची वाटते.

सगळी गल्ली त्यांना आबा म्हणते. मूळचे पारोळ्याकडचे. उभं आयुष्य बैलबाजारात दलाली केली. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं जण उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. सासूबाई गेल्यावर आबा आमच्याकडे जळगावला, पिंप्राळ्यात राहायला आले. बैल मागे राहिले, पण बोटांची सवय काही सुटली नाही. भाजीवाला, न्हावी, सिलेंडर आणून देणारा, सगळ्यांशी त्यांचा सौदा चाले. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. भाजीच्या गाडीवाल्याची हाक आली की मी आत जाऊन मिक्सर लावायची, म्हणजे पुढचं संभाषण कानावर पडू नये.

माझा नवरा लग्नांचं शूटिंग करतो. त्याला नवा कॅमेरा घ्यायचा होता. कर्जासाठी पगाराची पावती लागते. ती त्याच्याकडे नव्हती, माझ्याकडे होती, कारण मी एका खासगी शाळेत गणित शिकवते. म्हणून कॅमेरा त्याच्या गळ्यात आणि कर्ज माझ्या. कॅमेऱ्याचं दुकान धुळ्याला, म्हणून फायनान्स कंपनीही धुळ्याचीच. वर्षभर हप्ते नीट गेले. मग कोरोना आला. लग्नं घरातल्या घरात मोबाइलवर उरकायला लागली आणि आमच्या शाळेने पगार निम्मा केला. हप्ते थकले. वसुलीवाल्यांचे फोन ऑनलाइन तासाच्या मध्येच यायचे. समोर चाळीस मुलं अपूर्णांक शिकत असायची आणि मी माइक बंद करून फोनवर रडत मुदत मागायची.

सगळं पुन्हा सुरू झाल्यावर एक दिवस आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "चाल, मी येस तुनासंगे धुयाले. मानूसच शे ना तो सायेबबी."

आम्ही एसटीने धुळ्याला गेलो. कंपनीचा साहेब तरुण होता, टाय बांधलेला. आबांनी त्याच्यासमोर बसून दोन तास जो खेळ केला, तो मी जन्मात विसरणार नाही. आधी थकलेल्या कर्जाच्या एक तृतीयांशच रक्कम सांगितली. साहेब हसला. आबांनी पाणी मागितलं. त्याच्या गावाची, पिकांची चौकशी केली. मग "जाऊ दे" म्हणत उठले, दारापर्यंत गेले, तिथे थांबून चप्पल घालायला उगाच वेळ लावला. साहेबाने परत बोलावलं. शेवटी निम्म्याच्या जरा वर सौदा पटला. बाकीचे कंपनी सोडून देणार. साहेबाने कागद पुढे केला आणि मी सही केली. वाचला नाही. वर्गात "प्रश्न दोनदा वाचा गं" म्हणून ओरडणारी बाई मी. तो कागद एकदाही वाचला नाही.

येताना पारोळ्याला उतरून आबांनी जिलबी घेतली. तिचाही भाव केला. घरी आल्यावर गल्लीत सांगत सुटले, "निम्मामा आनं भो, निम्मामा!" मीही त्या दिवशी त्यांच्याकडे कौतुकाने बघितलं. खोटं कशाला बोलू? गळ्यातली धोंड उतरली होती.

त्यानंतर दोन-तीन वर्षं बरी गेली. लग्नं पुन्हा वाजतगाजत लागायला लागली. आणि एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचे घरमालक आले.

घरमालक म्हणजे कापडाचे व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. आम्ही त्यांना सेठजी म्हणतो आणि त्यांच्या बायकोला काकी. मी त्यांच्या नातीला तीन वर्षं गणित शिकवलं होतं, म्हणून मी त्यांची "टीचर". आखाजीला आमच्याकडे खापरावरची पुरणपोळी होते, म्हणून दोघं दरवर्षी जेवायला यायचे. त्या वर्षी आमरसाची वाटी खाली ठेवून सेठजी म्हणाले, "टीचर, आम्ही मुलाकडे सुरतला जातोय. पुढची आखाजी झाली की निघू. हे घर विकायचं आहे. बाहेरचं गिऱ्हाईक आलंय, पण आधी तुम्हाला विचारायचं असं हिने ठरवलंय." काकी म्हणाल्या, "तुम्ही घेता तर आम्ही वर्षभर थांबतो. आजचा भाव तोच उद्याचा."

दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा. कुणाला त्याचं कौतुक वाटणार नाही. पण मी उंच आहे, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात वाकून पोळ्या लाटलेल्या. या घरात आल्यावर सेठजींना विचारून मी स्वयंपाकाचा ओटा स्वतःच्या खर्चाने दोन विटा उंच करून घेतला होता. नऊ वर्षं मी त्या ओट्यासमोर ताठ उभी राहिले होते. ते घर मला हवं होतं. इतकं हवं होतं की त्या रात्री झोपायचं सोडून मी वहीत हप्त्यांचा हिशोब मांडत बसले.

बँकेत गेलो तर समोर माझ्याच वयाची बाई होती. तिने माझा पॅन नंबर घातला, स्क्रीनकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. माझा क्रेडिट स्कोर सहाशेच्याही खाली होता. मला आधी कळेना. तिने समजावून सांगितलं, की कॅमेऱ्याच्या कर्जात मी पूर्ण पैसे भरले नाहीत, कंपनीने नाइलाजाने काही सोडून दिले, अशी नोंद माझ्या नावापुढे आहे. ती नोंद बरीच वर्षं राहते. ती असेपर्यंत घराचं कर्ज अवघड.

"पण आम्ही तर सौदा केला होता," मी म्हणाले. "दोघांच्या मर्जीने."

"मॅडम, तुमच्या दृष्टीने तो सौदा. आमच्याकडे ते बुडवलेलं कर्ज दिसतं."

शाळेत मी पोरांना नापास करते. मला नापास करणारं कुणी भेटलं नव्हतं. बाहेर येऊन मी स्कूटीला किल्ली लावायला गेले आणि ती लागेना. डोळ्यांत पाणी होतं, दुसरं काही नाही.

मग मी एक मूर्खपणा केला. एका बँकेने नाही म्हटलं तर दुसरी म्हणेल, असं वाटून चार ठिकाणी अर्ज केले. प्रत्येक जण माझा स्कोर तपासायचा, आणि अशा तपासण्या लागोपाठ झाल्या की स्कोर आणखी घसरतो, हे मला शेवटच्या ठिकाणी कळलं. पुन्हा त्या पहिल्या बाईंकडे गेले. चांगली बाई. म्हणाल्या, "आता अर्ज बंद. धुळ्याच्या कंपनीत जा, त्यांनी सोडलेली रक्कम पूर्ण भरा, काही बाकी नाही असं पत्र घ्या आणि नोंद बदलून मागा. इकडे थोडे पैसे ठेवीत ठेवा, त्यावर एक छोटं क्रेडिट कार्ड देते. दूध आणि पेट्रोल, एवढंच त्यावर घ्या. दर महिन्याला तारखेच्या आत पूर्ण भरा. आणि धीर धरा."

कार्ड मी मेथीदाण्यांच्या डब्यात ठेवलं. नवऱ्याला मेथीचा वास सहन होत नाही, म्हणून ते तिथे सुरक्षित होतं. धुळ्याची रक्कम जमवायला संध्याकाळच्या दोन शिकवण्या वाढवल्या. आबांना आम्ही यातलं काही सांगितलं नाही. नवरा म्हणाला, "त्यांच्या आयुष्यात आता सांगण्यासारखी ती एकच गोष्ट उरलीये. ती नको काढून घेऊस." मलाही पटलं.

पण आबांची ती गोष्ट गल्लीत भलतीच पसरली होती. समोर राहणाऱ्या रिक्षावाल्या भाऊंनी रिक्षाचे हप्ते थकवले होते. गणपती उठले त्या आठवड्यात ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. "आबा, सोमवारी माझ्यासोबत चला. तुमच्या सुनबाईंचं मिटवलं तसं माझंही मिटवून द्या." आबांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं. किती खूश होते ते. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना इतकं ताठ बसलेलं मी बघितलं नव्हतं.

भाऊंची मुलगी बारावीला होती. नर्सिंगला जायचं म्हणत होती, त्यासाठी वडिलांना कर्ज काढावं लागणार होतं. मी दारात कणकेच्या हातांनी उभी होते. मला आबांना आत बोलावून सांगता आलं असतं. तेवढं भान राहिलं नाही. माझा स्वभावच तसा, साठवत जाते आणि मग सगळं एकदम बाहेर येतं.

"आबा, कुणाला कुठे नेऊ नका," मी म्हणाले. "तुम्ही मिटवलं म्हणूनच माझं नाव खराब झालंय. म्हणूनच बँक कर्ज देत नाहीये. हे घर त्यामुळेच जाणार आहे. आता त्यांच्या पोरीचं कॉलेजही घालवू नका."

भाऊ उठून उभे राहिले. आबा माझ्याकडे बघत राहिले.

"मनामुये?" एवढंच म्हणाले.

मी कणकेचे हात घेऊन आत गेले. सही मी केली होती. कागद मी वाचला नव्हता. कर्जही माझ्याच नावावर होतं. एक म्हातारा माणूस आपल्या सुनेला फोनवर रडताना बघून तिच्यासाठी त्याला येत होती ती एकमेव विद्या घेऊन धुळ्याला गेला होता, आणि मी गल्लीसमोर त्याचं माप काढलं. त्या वाक्यांची लाज मला आजही वाटते. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या आबांची जेवढी लाज कधी वाटली नाही, तेवढी स्वतःची वाटते.

दोन दिवस आबा जेवले, झोपले, पण ओट्यावर बसले नाहीत. धुळ्याचे उरलेले पैसे भरायचं ठरलंय, ते नवऱ्याने त्यांना सांगितलं. मी माफी मागितली तर "काय नही बेटा" म्हणून कूस बदलली. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर उपरणं घेऊन, पायांत चप्पल घालून बसलेले.

"कव्हय जानं शे धुयाले?"

दसऱ्याच्या आधी पैसे पूर्ण जमले, तेव्हा गेलो. तेच ऑफिस. साहेब नवा होता. त्याने रक्कम काढली आणि म्हणाला, "काका, तुम्ही स्वतःहून भरायला आलात, असं कुणी येत नाही. वरच्या व्याजाचे थोडे कमी करायचं बघतो." मी आबांकडे बघितलं. ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, लहान मुलाला हाताची घडी घालून बसायला सांगावं तसे. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बठ्ठं भरी दे."

मी बठ्ठं भरलं, शेवटच्या रुपयापर्यंत. पत्र घेतलं, आणि या वेळी दोनदा वाचलं. एकदा मोठ्याने, आबांसाठी. पारोळ्याला गाडी थांबली. जिलबीचं दुकान खिडकीतून दिसत होतं. दोघांपैकी कुणीही उतरलं नाही.

रिक्षावाल्या भाऊंना मात्र आबा स्वतः जाऊन सांगून आले, की हप्ते कमी करून, मुदत वाढवून मागा, पण रक्कम सोडून घेऊ नका. एवढं मला बँकेतल्या बाईंनी सांगितलेलं, आणि आबांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं.

महिन्या-दीड महिन्यात नोंद बदलली. स्कोर मात्र लगेच हलला नाही. तो फार आढ्यतेखोर. वीस गुण चढला की महिनाभर तिथेच बसून राहायचा. कार्ड भरायची तारीख पाच होती. दर तीन तारखेला आबा सकाळी दारात खुर्ची टाकून बसायचे. मी पर्स घेऊन निघाले की आडवा हात. "भरं का? दखाड." मी मोबाइलवर पैसे भरल्याची हिरवी खूण दाखवायची, मग हात खाली. एकदा शाळेला उशीर होत होता, म्हणून मी संध्याकाळी भरते म्हटलं. त्यांनी खुर्चीही हलवली नाही.

हे सगळं ठीक चाललं होतं. पण घरात दुसरंच काहीतरी बिघडलं होतं आणि ते मला थंडी पडल्यावर कळलं. भरताची वांगी आली होती, ती हिरवी, मोठी, आमच्याकडे ज्यांच्यासाठी माणसं वर्षभर वाट बघतात. गाडीवाल्याची हाक आली. मी सवयीने मिक्सरकडे हात नेला. बाहेर आवाजच नाही. दार उघडून बघते तर आबांनी पिशवी पुढे केलेली आणि गाडीवाल्याने सांगितलेली किंमत मोजून त्याच्या हातात ठेवलेली. गाडीवालाच गोंधळला.

"आबा, तब्येत बरी आहे ना?"

आबा पिशवी घेऊन आत आले. त्या दिवशीचं भरीत मला गोड लागलं नाही. त्यानंतर न्हावी सांगेल तेवढे, सिलेंडरवाला सांगेल तेवढे. लुटलं तुला, हे वाक्यही बंद झालं. मला वर्षानुवर्षं हवी होती ती शांतता अखेर मिळाली होती, आणि ती मला बघवत नव्हती. घर मिळेल की नाही याची धाकधूक होतीच. पण घर मिळालं आणि त्यात आबा असेच बसून राहिले, तर त्या घराचं मी काय करू, असंही वाटायला लागलं.

आखाजीच्या आधी तीन आठवडे बँकेतल्या बाईंचा फोन आला. स्कोर सातशेच्या पुढे गेला होता. शाळेचा पगार, नवऱ्याच्या खात्यावरची उलाढाल आणि धुळ्याचं पत्र, सगळं बघून त्यांनी कर्ज मंजूर केलं. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले. नवऱ्याने फोनवर "खरंच?" असं चार वेळा विचारलं. आबा "बरं झालं" म्हणाले आणि कॅलेंडरकडे बघून, "या महिनानं भरं का?"

आखाजीला सेठजी आणि काकी जेवायला आले. जेवण झालं. मी म्हणाले, "सेठजी, तुम्ही गेल्या वर्षी सांगितला तो भाव. बँकेचं झालंय."

सेठजींनी मान हलवली. "असं नाही होत, टीचर."

वर्षभरात पिंप्राळ्यातले भाव चढले होते, मला माहीत होतं. काकी मात्र हसत होत्या.

"आबा," सेठजी म्हणाले, "भाव केल्याशिवाय मी आजवर एक रुमाल विकलेला नाही. घर कसं विकू? आमच्या ठोक बाजारातही कपड्याखाली हात धरायचे. माझे वडील धरायचे, मीही धरलाय. काढा उपरणं."

आबा नको नको म्हणत होते. सेठजींनी खुर्ची सरकवली, स्वतःच आबांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि दोघांच्या हातांवर टाकलं.

पुढची दहा मिनिटं कुणी बोललं नाही. उपरणं मधूनच हले. सेठजी नकारार्थी मान हलवत. आबा त्याहून जोरात हलवत. एकदा सेठजी रागावून हात काढून घ्यायला गेले, तर आबांनी सोडला नाही. नवरा माझ्या कानात पुटपुटला, "काहीतरी फिसकटतंय." मी देवाचं नाव घेत होते. मग एकदम दोघंही खो-खो हसायला लागले आणि सेठजींनी उपरण्याने डोळे पुसले.

ते गेल्यावर मी विचारलं, "आबा, किती?"

आबांनी उपरणं खांद्यावर नीट घेतलं. "सेठ कमी करी राह्यंता, मी वाढाई राह्यंतू. वरीसभर थांबना तो आपलासाठे. त्यानाकडथीन आखो काय सोडानं?" मग म्हणाले, "दहा हजार कमी करी घेवा लागनात. नही तं त्याले वाईट वाटतं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी उंच ओट्यासमोर पोळ्या लाटत होते. बाहेर आंब्याची गाडी आली. गाडीवाल्याने भाव सांगितला. माझं लाटणं थांबलं.

"आंबा शे का सोनं शे हाई?" आबांचा आवाज आला. "चाल, नीट सांग."

गाडीवाला काहीतरी म्हणाला. आबा म्हणाले, जाऊ दे मग. त्यांच्या चपलांचा आवाज दोन पावलं गेटकडे आला आणि थांबला. गाडीवाल्याने हाक मारली. मी गॅस बारीक केला, मिक्सरचं बटण बंद आहे ना ते बघितलं आणि दाराआड उभी राहून पूर्ण सौदा ऐकला.